चोर बाजारातला माल्टीज क्रॉस: बिल्ले, घड्याळं आणि ३५ मि.मी.चा प्रोजेक्टर

मुंबईच्या चोर बाजारातल्या मटन स्ट्रीटवर ‘माल्टीज क्रॉस’ मागितला, तर एक दुकानदार मीनाकारीचा बिल्ला काढतो, दुसरा जुनं खिशातलं घड्याळ उघडून दाखवतो आणि तिसरा मागच्या अंधारातून तेलानं माखलेलं, ओतीव लोखंडाचं प्रोजेक्टरचं हेड, म्हणजे फिल्म पुढे नेणारा मुख्य भाग, ओढून आणतो. तिघांचंही बरोबर असतं. आकार एकच: चार हात मध्यभागी निमुळते होऊन जुळलेले, प्रत्येक हाताचं बाहेरचं टोक आत खाच पाडून दुभंगलेलं, म्हणून एकूण आठ टोकं. पण बिल्ल्यात तो ओळख सांगतो, घड्याळात स्प्रिंगला आवर घालतो आणि प्रोजेक्टरमध्ये फिल्म पळवतो. त्यामुळे तिघांची पारखही वेगळी. आमचं मत आधीच सांगतो: बिल्ला शोभेसाठी घ्या, घड्याळ हौसेसाठी घ्या. पैसे वसूल होतील अशी वस्तू मात्र एकच, धड स्थितीतलं ३५ मि.मी. प्रोजेक्टरचं हेड. बहुतेक लोक तेच न तपासता घेतात.

जाण्याआधी थोडी तयारी हवी. शुक्रवारी मटन स्ट्रीटवरची दुकानं बंद असतात. त्या दिवशी पहाटे रस्त्यावर भरणारा बाजार वेगळा आणि तिथे अवजड यंत्रं निवांत तपासायला मिळत नाहीत. इतर दिवशी भर दुपारी जा, दुकानांच्या आत उजेड कमीच असतो. बरोबर टॉर्च, दहापट मोठं दाखवणारं भिंग, पांढरा कागद, छोटं लोहचुंबक आणि प्रोजेक्टर बघायचा असेल तर ३५ मि.मी. फिल्मचा मीटरभर तुकडा असू द्या. फिल्मचा तुकडा याच बाजारात सहज मिळतो.

बिल्ल्यांपासून सुरुवात करू, कारण फसवणूक तिथे सर्वात स्वस्तात होते. ही खूण सेंट जॉनच्या धर्मयोद्ध्यांची. रुग्णसेवा आणि युद्ध अशी दोन्ही कामं करणाऱ्या या संघाकडे १५३० ते १७९८ माल्टा बेट होतं, म्हणून क्रॉसला बेटाचं नाव चिकटलं. आठ टोकांचा अर्थ कुणी येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनातल्या आठ धन्योद्गारांशी जोडतं, कुणी संघातल्या आठ भाषिक प्रांतांशी. आज माल्टाच्या १ आणि २ युरोच्या नाण्यांवर हा क्रॉस आहे. त्या देशाच्या झेंड्यावर दिसतो तो वेगळा, १९४२ साली ब्रिटिश राजाने बेटाला दिलेला जॉर्ज क्रॉस. दुकानात हे दोन्ही एकाच नावाखाली विकले जातात.

आकारावरून निम्मा माल बाजूला काढता येतो. हाताची बाहेरची कड सरळ किंवा किंचित गोलाईची असेल आणि तिला खोल खाच नसेल, तर तो माल्टीज क्रॉस नव्हे. व्हिक्टोरिया क्रॉस आणि जर्मन आयर्न क्रॉस हे दोन्ही त्या सपाट टोकांच्या जातीतले. अमेरिकन अग्निशमन दलांच्या बिल्ल्यालाही माल्टीज क्रॉस म्हणतात, पण त्याचे हात बहुधा गोलसर असतात आणि तो आकार अग्निशामकांचा रक्षक मानल्या जाणाऱ्या संत फ्लोरियनशी जोडला जातो. मुंबईत खरा आठ टोकांचा क्रॉस सर्वात जास्त सापडतो तो सेंट जॉन अॅम्ब्युलन्सच्या बिल्ल्यांवर: काळ्या पार्श्वभूमीवर पांढरा क्रॉस आणि बऱ्याच बिल्ल्यांत हातांच्या मधल्या जागेत सिंह आणि एकशिंगी घोडा. ब्रिटिश सैन्यातल्या काही रायफल रेजिमेंटचे काळपट धातूचे बिल्लेही याच आकाराचे.

अस्सल मीना म्हणजे धातूवर वितळवलेली काच. बोटाला थंड आणि कडक लागतो, कपचा उडाला असेल तर कड काचेसारखी धारदार चमकते. नकली बिल्ल्यात रंगीत रेझिन ओतलेलं असतं. भिंगातून आत बुडबुडे दिसतात, पांढरा भाग पिवळट पडलेला असतो आणि कडेला सुई टेकवली तर रुतते. मागची बाजूही बघा. ठशाने मारलेल्या बिल्ल्याच्या कडा स्वच्छ असतात, तर साच्यात ओतलेल्याला बारीक खड्डे असतात आणि आठ टोकं बोथट होतात. पिनेचं डाखकाम नवं चकचकीत आणि बिल्ला मात्र काळवंडलेला, असं दिसलं की ठेवून द्या.

जुन्या प्रयोगशाळांचा माल आला असेल, तर त्यात कधी पोलरायझिंग मायक्रोस्कोप मिळतो. त्याचा इथे काय संबंध, असं वाटेल. पण तो चालतो की नाही हे माल्टीज क्रॉसवरूनच कळतं. कच्च्या बटाट्याच्या कापावर सुरी हलकेच घासा, निघालेलं पांढरं पाणी थेंबभर काचपट्टीवर घ्या, वर कव्हर ठेवा. खालचा आणि वरचा पोलरायझर, म्हणजे प्रकाश एकाच दिशेत गाळणारी काच, एकमेकांना काटकोनात फिरवले की मागचं क्षेत्र काळं व्हायला हवं आणि स्टार्चचा प्रत्येक कण उजळून त्यावर काळा क्रॉस उमटायला हवा. बटाट्याच्या कणात तो मध्यावर नसून एका टोकाकडे सरकलेला दिसतो, तो दोष नव्हे. मागचं क्षेत्र पूर्ण काळं होत नसेल, तर पोलरायझर खराब झालाय किंवा कुणीतरी साधी काच बसवलीय. बटाटा मात्र कच्चाच हवा. उकडलेल्यात स्टार्चच्या कणांची रचना मोडते आणि क्रॉस दिसत नाही.

आता घड्याळ. चावीने किंवा मुकुटाने, म्हणजे कडेच्या गुंडीने, फिरणाऱ्या जुन्या खिशातल्या घड्याळांत मेनस्प्रिंगच्या डब्यावर, म्हणजे बॅरलवर, कधीकधी बोटाच्या नखाएवढीही नसलेली क्रॉसच्या आकाराची चकती असते. शेजारी दांड्यावर बोटासारखा एक सुळका. चावीचा एक वेढा झाला की ते बोट चकतीला एक घर पुढे ढकलतं. चकतीच्या सगळ्या हातांची बाहेरची कड आत वळलेली असते, फक्त एकाची फुगीर. तो फुगीर हात समोर आला की बोट अडतं आणि चावी थांबते. पाच हातांच्या चकतीत साधारण चार वेढे मिळतात. स्प्रिंग पूर्ण आवळलेली असताना जोर फार असतो आणि संपत आली की फार कमी. ही दोन्ही टोकं टाळून मधला सम जोर तेवढा वापरायचा, यासाठी ही सोय.

बऱ्याच घड्याळांत ती नसते. दुरुस्तीवाल्याला ती कटकट वाटते, म्हणून काढून टाकतात. घड्याळ तरीही टिकटिकतं आणि गिऱ्हाइकाला पत्ता लागत नाही. बॅरलच्या झाकणावर रिकामा गोल खड्डा आणि मधोमध स्क्रूचं भोक दिसलं, तर पुर्जा गेलेला आहे असं समजा. असं घड्याळ चावी दिल्यावर पुढे पळतं आणि शेवटी मागे पडतं. त्यातच एक खबरदारी: डायलवर क्रॉस दिसला म्हणून घड्याळ व्हॅशेराँ कॉन्स्टंटाँचं होत नाही. जिनिव्हाच्या त्या कंपनीने १८८० साली ही खूण नोंदवली, हे खरं. पण डायल बदलणं सर्वात सोपं असतं. मागचं झाकण उघडून यंत्र बघितल्याशिवाय बोलणी करू नका.

घड्याळातला तो फुगीर, अडवणारा हात काढून सगळ्या खाचा सारख्या केल्या, की प्रोजेक्टरचा माल्टीज क्रॉस तयार होतो. यंत्रशाळेत याला जिनिव्हा ड्राइव्ह म्हणतात. चार खाचांचा पोलादी तारा, शेजारी एक चाक, त्या चाकावर एक पिन. पिनचाक एकसारखं फिरतं. पिन खाचेत शिरली की तारा पाव फेरा फिरतो, पिन बाहेर पडली की चाकाची गोल कड ताऱ्याच्या बाकदार अंगात बसून त्याला गच्च धरून ठेवते. ताऱ्याच्या दांड्यावर १६ दात्यांचं स्प्रॉकेट, म्हणजे फिल्मच्या कडेच्या भोकांत अडकणारं दातेरी चाक. पाव फेरा म्हणजे चार दाते, चार भोकं, म्हणजे ३५ मि.मी. फिल्मची बरोबर एक फ्रेम.

वेगाचा हिशेब लक्षात ठेवण्यासारखा आहे. सेकंदाला २४ फ्रेम, म्हणून पिनचाक मिनिटाला १४४० फेरे घेतं. एका फेऱ्यातला फक्त पाव भाग तारा हलतो, पाऊण भाग थांबतो. एका फ्रेमच्या वाट्याला साधारण ४२ मिलिसेकंद येतात. त्यातल्या साडेदहात फिल्म १९ मि.मी. खाली ओढली जाते आणि उरलेल्या ३१ मध्ये ती गेटमध्ये, म्हणजे प्रकाशाच्या खिडकीसमोरच्या चौकटीत, स्थिर असते. ओढताना शटरचं पातं प्रकाश अडवतं. दुसरं पातं स्थिर चित्रावरून एकदा जातं, म्हणून पडद्यावर सेकंदाला ४८ वेळा उजेड पडतो आणि डोळ्यांना लुकलुक जाणवत नाही. १८९६ साली लंडनमध्ये रॉबर्ट पॉलने आणि जर्मनीत ऑस्कर मेस्टरने याच तत्त्वाची यंत्रं बांधली. ७ जुलै १८९६ ला काळा घोड्याजवळच्या वॉटसन हॉटेलात मुंबईकरांनी पहिल्यांदा हलती चित्रं पाहिली ती मात्र फ्रान्सच्या ल्युमिएर बंधूंच्या यंत्रावर, आणि त्यात फिल्म ओढायला भोकात अडकणारा आकडा (हुक) होता, तारा नव्हता. बहुतेक १६ मि.मी. पोर्टेबल प्रोजेक्टरमध्येही आकडाच असतो. त्यामुळे १६ मि.मी.च्या यंत्राकडे बोट दाखवून कुणी ‘इसमें माल्टीज क्रॉस है’ म्हणून भाव चढवत असेल, तर झाकण उघडायला सांगा.

थिएटरं डिजिटल झाली आणि केबिनमधली हेडं इथे येऊन पडली. बाजारातला माल दोन प्रकारचा. एक, हॉटेलांच्या आणि सेटच्या सजावटीसाठी रंगवून, पॉलिश करून ठेवलेला. त्यात तेलाची भोकं रंगाने बुजलेली असतात आणि फिरणारे भाग रंगाखाली चिकटलेले. हा चालवण्याच्या विचाराने घेऊ नका, कितीही देखणा असला तरी. दुसरा, केबिनमधून उचलला तसाच आणलेला, काळा, चिकट, धुळीने भरलेला. तपासायचा तो हा.

मोटर जोडून ‘चालू है’ दाखवायला लागले तर थांबवा. वर्षानुवर्षं पडून राहिलेलं तेल डिंकासारखं होतं, मुंबईच्या पावसाळ्यात त्यात पाणी शिरतं. तशात एकदम १४४० फेऱ्यांवर नेलं तर पिन आणि खाचा खरवडून निघतात. आधी मोटरच्या नॉबने हाताने फिरवा, चालण्याच्या दिशेने, हळू. एका फेऱ्यात एकाच ठिकाणी जड लागलं तर पिनचाकात दोष असतो. चार फेऱ्यांत एकदाच जड लागलं तर ताऱ्याच्या एका खाचेत किंवा त्याच्या दांड्यात. बऱ्याच यंत्रांत गिअरच्या जोडीतला एक गिअर फायबरचा असतो, त्याचे दाते टॉर्च मारून मोजकेच नव्हे, सगळे बघा.

मग तेल. ताऱ्याची पेटी बंद असते, आत तेल, बाहेर छोटी काच. खालचा स्क्रू सैल करून चमचाभर तेल पांढऱ्या कागदावर घ्या. तपकिरी असेल तर चिंता नाही. दुधाळ असेल तर पाणी शिरलंय, आत गंज असणार. कागदाखालून चुंबक फिरवा; काळी मऊ भुकटी थोडी असतेच, पण चमकणारे कण ओळीने उभे राहिले तर पोलाद झिजतंय. तेल अगदीच नसेल आणि पेटी कोरडी असेल, तर हेड भंगाराच्या भावाने मिळालं तरच घ्या.

सगळ्यात महत्त्वाची तपासणी आता. तारा थांबलेल्या स्थितीत आणा आणि स्प्रॉकेट दोन बोटांत धरून मागेपुढे हलवा. जेमतेम जाणवेल इतका प्ले, म्हणजे सैलपणा, चालतो. स्पष्ट टकटक झाली तर नाही. ही तपासणी चारही थांब्यांवर करा, कारण झीज चारही बाजूंना सारखी नसते. २१ मि.मी. रुंदीची फ्रेम १० मीटरच्या पडद्यावर जवळजवळ ४८० पट मोठी होते. म्हणजे ताऱ्यावरची मिलिमीटरच्या शंभराव्या भागाइतकी चूक पडद्यावर सुमारे ५ मि.मी.ची उडी बनते. बोटाला न कळणारा फरक पकडण्यासाठी बरोबर आणलेला फिल्मचा तुकडा गेटमध्ये घाला, लेन्स काढा, आणि हाताने एकेक फ्रेम पुढे नेत दोन फ्रेममधली रेघ गेटच्या खिडकीच्या कडेपासून किती अंतरावर थांबते ते भिंगातून बघा. चार थांब्यांत ती एकाच जागी यायला हवी. तीन बरोबर आणि चौथा वर-खाली, असं असेल तर तारा असमान झिजलाय किंवा दांडा वाकलाय. पडद्यावर हाच दोष सेकंदाला ६ वेळा ठराविक लयीत उडणाऱ्या चित्रासारखा दिसतो. बेताल, मध्येच उडणारं चित्र हे बहुधा ताऱ्याचं नसतं. गेटच्या पट्ट्यांचा ताण कमी पडला की फिल्म थांबताना पुढे घसरते. तो ताण चित्र स्थिर होईपर्यंतच वाढवायचा. त्यापुढे आवळलं की खडखड वाढते आणि फिल्मची भोकं फाटतात.

स्प्रॉकेटचे दाते एका बाजूने झिजून आकड्यासारखे वळले असतील तर ते फिल्म धरून ठेवतात, सोडत नाहीत. काही यंत्रांत स्प्रॉकेट उलटं बसवून दुसरी बाजू वापरता येते. दोन्ही बाजू झिजलेल्या असतील तर ती सोय आधीच वापरून झालीय.

प्ले थोडासाच जास्त असेल तर घाबरू नका. अनेक हेडांत ताऱ्याचा दांडा विकेंद्री बुशमध्ये, म्हणजे भोक मध्यापासून सरकलेल्या गोल नळीत, असतो. लॉकचे स्क्रू सैल करून बुश किंचित फिरवला की तारा पिनचाकाजवळ सरकतो. हे करताना चार थांब्यांपैकी सर्वात घट्ट थांबा शोधायचा आणि प्ले त्याच्यावर ठरवायचा. सैल थांब्यावर ठरवलं तर घट्ट जागी जाम होतं, पेटी तापते, तापल्यावर आणखी घट्ट होते आणि तारा काही तासांत संपतो. फ्लायव्हील, म्हणजे दांड्यावरचं जड चाक, काढायला हातोडा वापरू देऊ नका. बाजारात हे सर्रास होतं आणि दांडा तिथेच वाकतो. ओढून काढायचा पुलर लागतो.

तारा नव्याने लेथवर करून देतो, असं सांगणारे मिळतील. पोलाद कडक करताना थोडं वाकतंच, म्हणून कडक केल्यावर खाचा आणि बाकदार अंग ग्राइंडिंग करून देणार का, एवढंच विचारा. नाही म्हणाले तर पुढे बोलू नका. त्यापेक्षा त्याच बनावटीचं दुसरं मोडकं हेड घेऊन त्यातली ताऱ्याची पेटी काढणं स्वस्त आणि खात्रीचं. मात्र तारा आणि पिनचाक जोडीनेच घ्यायचं. दोघं एकमेकांबरोबर झिजलेले असतात, एकटा बदलला की आवाज करतो. ऑइल सील आणि बॉल बेअरिंग नागदेवी स्ट्रीटवर मिळतात. जुनं काढून, आतला-बाहेरचा व्यास आणि जाडी मोजून घेऊन जा.

घरी आणल्यावर तेल पूर्ण काढा, पातळ तेल घालून हाताने फिरवा, तेही काढा, आणि मग कंपनीने सांगितलेल्या जातीचं तेल यंत्र बंद असताना काचेवरच्या खुणेपर्यंत भरा. गाड्यांचं जाड गिअर ऑइल घालू नका, पेटी तापते. खुणेच्या वर भरलं तर ते दांड्यावाटे स्प्रॉकेटवर आणि तिथून फिल्मवर जातं. मोटर पहिल्यांदा लावाल तेव्हा फिल्म न घालता पाच-दहा मिनिटं चालवा आणि पेटीला हात लावून बघा. कोमट चालेल, हात ठेववत नसेल तर बंद करा.

चित्र पडद्यावर आलं आणि काळ्यावरच्या पांढऱ्या अक्षरांना उभी फरफट दिसली, तर तारा आणि शटर यांचा मेळ चुकलाय. फरफट अक्षरांच्या वर असेल तर शटर उशिरा मिटतंय, खाली असेल तर लवकर उघडतंय. शटरचा स्क्रू सैल करून अगदी थोडा फेरा द्यायचा, पुन्हा बघायचं. बाजारात हेड उघडून जोडलेलं असेल तर हा मेळ हमखास चुकलेला असतो, त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

हेडबरोबर लॅम्पहाउस, म्हणजे दिव्याची पेटी, हीही गळ्यात मारतात. त्यात झेनॉन बल्ब असेल तर तो दुकानातच राहू द्या. थंड असतानाही त्याच्या आत मोठा दाब असतो आणि टेम्पोच्या एका धक्क्याने तो फुटून काच डोळ्यांत जाऊ शकते. मागायचंच तर दुसरं काही मागा: हाताने फिरवायचा क्रँक, लेन्स, आणि गेटच्या खिडकीच्या वेगवेगळ्या आकारांच्या पट्ट्या. या गोष्टी त्याच दुकानात कुठल्या तरी डब्यात पडलेल्या असतात, दुकानदाराला त्यांची किंमत नसते, आणि एकदा हेड निघून गेलं की त्या कुठल्या यंत्राच्या हे सांगणारं कुणी उरत नाही.